घाबरून अडखळणं वेगळं, तोतरेपणा वेगळा

‘आत्मविश्वास वाढव, आपोआप जाईल.’ तोतरं बोलणाऱ्याला हे वाक्य मामा ऐकवतो, वर्गशिक्षिका ऐकवतात, मुलाखत घेणारे साहेब ऐकवतात. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण औषध भलत्याच दुखण्याचं असतं. घाबरून अडखळणं आणि तोतरेपणा एकच समजले की चुकीचा सल्ला, चुकीचा उपचार आणि शेवटी ‘तूच मनावर घेत नाहीस’ हा ठपका असं ओळीने येतं.

घाबरून अडखळणं सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडी परीक्षेत त-त-प-प होतं, सोसायटीच्या पूजेत अचानक हातात माइक आला की घसा कोरडा पडतो. तयारी केली, सराव झाला, ओळखीची माणसं दिसली की ते कमी होतं. बोबडं बोलणं तर आणखीनच वेगळं. ‘र’चा ‘ल’ होणं हा उच्चाराचा प्रश्न, त्याचा इथे संबंध नाही.

कान देऊन ऐकलं तर फरक कळतो. घाबरलेला माणूस पुढचं वाक्य शोधत असतो, म्हणून ‘अं’, ‘म्हणजे’, ‘मी काय म्हणतो’ असं चाललेलं असतं. तोतरं बोलणाऱ्याला शब्द पक्का ठाऊक असतो, तो बाहेर पडत नाही. कधी ‘प-प-प-पाणी’ होतं, कधी ‘ससससकाळी’, आणि कधी आवाजच बंद पडतो. ओठ मिटलेले, मान ताठ, दोन-तीन सेकंद काहीच नाही. हे तिसरं रूप लोक ओळखतच नाहीत. विसरला असेल असं समजून त्याच्या वतीने शब्द पुरवतात. कृपा करून पुरवू नका. थांबा, त्याचा शब्द त्याला म्हणू द्या.

शब्द बदलण्याची सवय हीसुद्धा मोठी खूण. बसमध्ये ‘दादर’ निघेना म्हणून ‘माटुंगा’ सांगायचं आणि उरलेलं अंतर चालायचं, हे तोतरं बोलणाऱ्या मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही. स्वतःचं नाव मात्र बदलता येत नाही, म्हणून बहुतेकांना तेच सगळ्यात जड जातं. अशा वेळी ‘नाव विसरलात का?’ असं हसत विचारणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

खरी गल्लत कारणाची आहे. ‘एकटा असताना नीट बोलतो, मग भीतीच की!’ निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो. तोच मुलगा मंडळाच्या आरतीत शेकडो लोकांसमोर एकदाही न अडखळता खड्या आवाजात म्हणतो. त्याला कोणाबरोबर तरी एकसुरात उतारा वाचायला लावा, समोर वर्गभर पोरं बसवा. बहुतेकांचा तोतरेपणा तेवढ्यापुरता जवळजवळ नाहीसा होतो. गर्दी तीच, लाजही तीच. बदललं इतकंच, की बोलण्याचा ठेका बाहेरून मिळाला. एका आवाजावरून दुसऱ्यावर नेमक्या क्षणी जाण्याचं काम मेंदूला स्वतःच्या बळावर जमवावं लागतं तेव्हा अडतं, असं आज बरेच संशोधक मानतात.

वयाचं पाहा. तोतरेपणा बहुधा 2 ते 5 वर्षांत सुरू होतो. अडीच वर्षांच्या पोराला कसला न्यूनगंड? शिवाय तोतरेपणा घराण्यात उतरताना दिसतो. 2010 मध्ये जनुकशास्त्रज्ञ डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून तोतरेपणाशी निगडित जनुकीय बदल दाखवले. सगळ्यांचा तोतरेपणा त्यातून उलगडत नाही, पण मूळ शरीरात आहे हे ठळक झालं. मेंदूच्या तपासण्यांत डाव्या बाजूच्या, बोलण्याशी संबंधित भागांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये फरक सापडतात. मोठ्या माणसांत साधारण 100 मध्ये एक जण तोतरं बोलतो, आणि त्यात बायकांपेक्षा पुरुष सुमारे चौपट. भीती काही अशी चौपट वाटून येत नाही.

भीतीची बाजू प्रत्यक्ष पारखलीही गेली, तीही फार क्रूरपणे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरं बोलत. पालकांच्या टोकण्यामुळे मूल तोतरं होतं, असं त्यांचं मत होतं. 1939 मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्युडर या विद्यार्थिनीने अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तू तोतरं बोलतोस’ असं सांगत राहिले. ती मुलं मिटून गेली, बोलायला कचरू लागली. पुढे त्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा तोतरेपणा निर्माण झाल्याचा पुरावा मिळाला नाही. 2001 मध्ये विद्यापीठाने माफी मागितली. भीतीने मूल गप्प होतं, तोतरं होत नाही, हे त्या मुलांच्या जिवावर कळलं. तरी आपण अजून आई-बापांनाच दोषी धरतो.

भीतीचा वाटा आहेच, पण ती मागून येते. लोक हसतात, मग पुढच्या वेळी छातीत धडधडतं, शरीर ताठरतं आणि अडखळणं वाढतं. म्हणून चांगला स्पीच थेरपिस्ट भीतीवरही काम करतो.

उपचारांत वेखंड उगाळून जिभेला लावणं, तोंडात गोट्या ठेवून बोलायला लावणं, जिभेखालचा पडदा कापणं हे सगळं चुकीच्या अवयवावर आहे. 1841 मध्ये बर्लिनचे शल्यविशारद डिफेनबाख यांनी तर तोतऱ्या रुग्णांच्या जिभेवरच शस्त्रक्रिया करून पाहिल्या होत्या. जिभेत दोष नसतोच. ‘15 दिवसांत गॅरंटी’ म्हणणाऱ्यांचा रागरंग वेगळा. ते शब्द लांबवत संथ बोलायला शिकवतात, क्लासच्या खोलीत माणूस घडाघडा बोलतो आणि घरी महिन्याभरात पूर्ववत होतो. मला त्यापेक्षा अमेरिकेतले स्पीच थेरपिस्ट चार्ल्स व्हॅन रायपर यांची वाट पटते. अडखळणं लपवायचं नाही, ताण न घेता सैलपणे अडखळायला शिकायचं, शब्द टाळायचा नाही. लहान मुलांसाठी सिडनीत घडलेली लिडकम पद्धत चांगली पारखलेली आहे. त्यात थेरपिस्टच्या देखरेखीखाली पालक घरीच मुलाच्या सुरळीत बोलण्याला दाद देतात.

शंभरातली पाचेक मुलं लहानपणी कधीतरी तोतरं बोलतात आणि त्यातली बरीचशी आपोआप सुधारतात, हे खरं. तरी सहा महिने उलटले, घरात आणखी कोणी तोतरं असेल किंवा मूल बोलताना डोळे मिचकावत जोर लावू लागलं, तर ‘मोठं झाल्यावर जाईल’ म्हणत बसू नका. वांद्र्याला वाचा-श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचा वाचा-श्रवण विभाग आहे. मोठ्यांसाठी द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वमदत गट आहेत. आणि आयुष्यभर नीट बोललेला मोठा माणूस अचानक तोतरं बोलू लागला, तर वरचं काहीच लावू नका. तो पक्षाघात असू शकतो. त्याला लगेच रुग्णालयात न्या.