परत काढता न येणारे फोटो: इमेज प्रोसेसिंगची पार्श्वभूमी

इमेज प्रोसेसिंग म्हटलं की आजकाल लोकांना मोबाईलचे फिल्टरच आठवतात, गाल गोरे करणारे, मागचं सगळं धूसर करणारे. पण हे शास्त्र काही फोटोवाल्यांनी जन्माला घातलं नाही. फोटो बिघडला तर परत काढायची सोयच नव्हती, अशा लोकांनी ते घडवलं, आणि आपल्याकडे मोबाईलवर ते सगळ्यात शेवटी आलं. मधे नागपूरचाही एक टप्पा येतो, तो इथल्याच लोकांना फारसा माहीत नसते म्हणून हे लिहून राहिलो.

आधी मूळ गोष्ट सांगतो. डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता, बस. काळ्यापांढऱ्या फोटोत प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्राच्या सगळ्यात छोट्या ठिपक्याला, साधारण ० ते २५५ मधला एक आकडा असते, ० म्हणजे काळाकुट्ट आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र. डिसेंबरात सकाळी सकाळी फुटाळा तलावावर धुक्यात फोटो काढला की सगळं राखाडी येते ना, ते काहून? तर समजा आकडे सगळे ११० ते १५० च्या मधेच कोंबलेले आहेत. मग प्रत्येक आकड्यातून ११० वजा करायचे, ४० नं भागायचं आणि २५५ नं गुणायचं. ११० चा होते ०, १५० चा २५५, आणि १२० चा ६४ च्या आसपास. पलीकडच्या काठावरची झाडं एकदम उठून दिसतात. फोटोत नवीन काहीच घातलं नाही, होतं तेच ताणलं. ह्याला कॉन्ट्रास्ट स्ट्रेचिंग म्हणतात आणि आजही बहुतेक कामं इथूनच सुरू होतात.

आता मागे जाऊ. फोटोचे आकडे करायची कल्पना कॉम्प्युटरच्याही आधीची आहे, हे वाचून मला स्वतःला मजा वाटली होती. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बार्टलेन नावाची पद्धत आली, लंडनच्या पेपरातला फोटो भोकं पाडलेल्या टेपवर उतरवायचा, समुद्राखालच्या केबलनं न्यूयॉर्कला पाठवायचा आणि तिकडे परत छापायचा. जहाजानं आठवड्याच्या वर लागायचा तो फोटो ३ तासांच्या आत पोचायला लागला. छटा फक्त ५ होत्या, १९२९ मध्ये १५ झाल्या. पण हे पाठवणं झालं, ह्याला प्रोसेसिंग म्हणायचं का ह्यावर वाद होऊ शकतो, माझ्या मते नाही, कारण आकड्यांवर गणित करणारं मधे कोणी नव्हतं.

ते आलं १९५७ मध्ये. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श नावाचा माणूस होता, त्यानं ड्रम स्कॅनर बनवला आणि आपल्या ३ महिन्यांच्या पोराचा फोटो सीॲक नावाच्या कॉम्प्युटरमध्ये घातला. १७६ गुणिले १७६ पिक्सेल, म्हणजे ३१ हजाराच्याही आतच. पिक्सेल चौकोनी असतात ते तेव्हापासून, आणि गंमत म्हणजे म्हातारपणी कर्शलाच ते पटत नव्हतं.

खरा जोर लागला तो चंद्रामुळे. रेंजर ७ हे यान ३१ जुलै १९६४ ला चंद्रावर आपटलं, मुद्दामच आपटवलं होतं, आणि आपटायच्या आधीच्या सतरा-एक मिनिटांत त्यानं ४ हजारांवर फोटो पाठवले. आता यानाचा तर चुराडा झाला, कॅमेऱ्यानं चित्र वाकडं केलं असेल तर सांगता कोणाला? म्हणून पासाडेनाच्या, नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमध्ये ते वाकडेपण कॉम्प्युटरनं काढायचं काम सुरू झालं, आणि ह्या शास्त्राची सुरुवात बरेच लोक तिथूनच धरतात. पुढच्या वर्षी मरिनर ४ मंगळाजवळून गेलं. त्याचा एकेक फोटो २०० गुणिले २०० चा, आणि पृथ्वीवर यायला ८ तासांच्या वर. एवढा दम कोणाला असते बाप्पा! इंजिनीअर लोकांनी येणाऱ्या आकड्यांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर चिकटवल्या आणि रंगीत खडूंनी आकड्याप्रमाणे रंग भरत बसले, कॉम्प्युटरचं चित्र तयार व्हायच्या आधी मंगळ हातानं रंगवून झाला होता. तो कागद अजून जपून ठेवला आहे.

दुसरी जागा जिथे परत जाऊन बघता येत नाही ती म्हणजे माणसाची कवटी. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा ईएमआय कंपनीत होता, हो, तीच गाण्याच्या रेकॉर्ड काढणारी. त्यानं डोक्याभोवती वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे घेतले आणि त्या मोजमापांवरून आतला काप गणितानं उभा केला, हाच सीटी स्कॅन. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला, चित्र होतं ८० गुणिले ८० चं. ह्याच्या मागचं गणित योहान राडॉन ह्या गणितज्ञानं १९१७ मध्येच लिहून ठेवलं होतं, ते कामात यायला अर्धं शतक गेलं. १९७९ चं नोबेल हाउन्सफील्ड आणि ह्याच गणितावर वेगळं काम केलेला कॉरमॅक, दोघांना मिळालं. सीटी स्कॅनमध्ये तर कॅमेराच नाही, चित्र सरळ गणितातूनच निघते.

आता आपला भाग. २३ जुलै १९७२ ला अमेरिकेचा लँडसॅट १ हा उपग्रह वर गेला, जमिनीचे फोटो घेणारा, त्याचा एक पिक्सेल साधारण ८० मीटरचा, म्हणजे आख्खं घर त्यात हरवून जाईल. पण त्याला डोळ्याला न दिसणारा नियर इन्फ्रारेड प्रकाश दिसत होता, आणि हिरवं पान तो प्रकाश जोरात परत फेकते. भारतानं भास्कर १ जून १९७९ मध्ये आणि आयआरएस १ए १७ मार्च १९८८ ला सोडला, त्याचा चांगला कॅमेरा ३६ मीटरच्या आसपासचा. ही चित्रं वाचायला माणसं आणि मशीन पाहिजे होती, म्हणून देशात रिमोट सेन्सिंगची, म्हणजे जमीन दुरूनच वाचायची, ५ प्रादेशिक केंद्रं झाली, त्यातलं एक नागपूरला. राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्रही इथेच, आणि मातीचा सर्व्हे करणारी राष्ट्रीय संस्था अमरावती रोडवर आधीपासून होतीच. राजधानी मुंबईला गेली म्हणून आपण रडतो, पण महाराष्ट्राचा आकाशातून नकाशा बनवायचं काम इथे होते हे कोणी सांगत नाही.

उपग्रहाच्या चित्रात नियर इन्फ्रारेडला लाल रंग देतात, म्हणून झाडं लाल, पाणी काळं आणि शहर निळसर राखाडी. अंबाझरी तलाव काळा डाग, गोरेवाड्याचं जंगल लाल. पण चित्र कोणत्या महिन्याचं ह्यावर बरंच अवलंबून असते. एप्रिलचं घ्या. कपाशीची रानं मोकळी, काळी माती उघडी पडलेली, सागाचं जंगल पानगळीनं फिकं झालेलं, आणि काटोल-नरखेडकडे मात्र लाल ठिपके तसेच, कारण संत्र्याचं झाड बारा महिने हिरवं. गोची होते ती नोव्हेंबरच्या चित्रात, संत्रा, जंगल आणि काही पिकं सगळीच लाल, वेगळं काढता येत नाही. म्हणून दोन-तीन तारखांची चित्रं एकावर एक बसवतात, नियर इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोघांची बेरीज, हा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचं माप, प्रत्येक पिक्सेलला काढतात आणि तो वर्षभर कसा चढते-उतरते ते बघतात. प्रत्येक पिकाची चाल वेगळी. पण बांधावर सागाची लाईन आणि आत संत्रा असेल तर पिक्सेलमध्ये दोन्ही मिसळतात, तिथे शेतात जाऊन बघण्याशिवाय इलाज नसते.

मोबाईलपर्यंतची बाकीची गोष्ट पटकन. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये सीसीडी, म्हणजे प्रकाशाचे विजेचे सिग्नल करणारी चिप, निघाली, १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं तिच्यावर कॅमेरा बनवला, १०० गुणिले १०० चा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. फोटो छोटा करायचं गणित, डीसीटी, बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये छापलं. १९९२ च्या जेपेग मध्ये, म्हणजे फोटो साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तेच आहे, चित्राचे ८ गुणिले ८ चे तुकडे करून डोळ्याला न कळणारे बारकावे गाळायचे. फॅमिली ग्रुपवर दहा वेळा फॉरवर्ड झालेल्या गुड मॉर्निंगमध्ये गुलाबाभोवती चौकोन चौकोन दिसतात ते हेच तुकडे.

शेवटचं मोठं वळण म्हणजे फिल्टर कोणी ठरवायचा. १९६८ चा सोबेल फिल्टर बघा, ३ गुणिले ३ चा तक्ता, डावीकडे -१, -२, -१, मधे शून्यं, उजवीकडे १, २, १. तो चित्रावरून सरकवला की उभ्या कडा चमकतात. हे आकडे माणसानं डोकं लावून ठरवलेले. २०१२ मध्ये फोटोत काय आहे ते ओळखणारं ॲलेक्सनेट नावाचं न्यूरल नेटवर्क आलं आणि सुमारे १२ लाख फोटो बघून असे आकडे मशीननं स्वतः शिकले, ओळखण्यातल्या चुकांचं प्रमाण २६ टक्क्यांवरून १५ च्या आसपास आलं. पहिल्या थरात ते जे शिकलं त्यातले बरेच फिल्टर सोबेलसारखे कडाच शोधणारे निघाले.

ताडोबा, पेंचमध्ये कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे, ढिगानं फोटो येतात त्यात आता हेच वापरतात. एक सॉफ्टवेअर आधी वाघ, सांबर, गाय, माणूस असे गठ्ठे करते, दुसरं पट्टे जुळवून कोणता वाघ ते बघते. डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, एकच बाजू मिळाली तर एका वाघाचे दोन मोजले जायची भीती. आणि मशीननं जुळणारे काही फोटो समोर ठेवले तरी हा तोच वाघ, असं शेवटी माणूसच नक्की करते.