मोटारगाडीची बॅटरी व चार्जिंग : दोषनिदान

सेल्फ मारल्यावर इंजिन न फिरणे, अडखळत फिरणे किंवा चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा पेटणे या तक्रारींमागचा दोष बॅटरीत आहे, डायनॅमोत (अल्टरनेटर) आहे की मधल्या तारांत, हे मोजून ठरवण्याची पद्धत. त्यासाठी मल्टिमीटर (व्होल्ट व करंट मोजणारे मीटर) पुरतो. न मोजता नवी बॅटरी बसवली आणि दोष डायनॅमोचा निघाला, तर तीही काही दिवसांत उतरते.

खानदेशात बॅटरीचा खरा शत्रू ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंश से.च्या आसपास जातो. बॉनेटखाली त्याहून बराच जास्त. उष्णतेने आतले पाणी उडते आणि आतल्या शिशाच्या पट्ट्यांची जाळी गंजते. गाडी मात्र अडते ती बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, धुळ्याचा पारा १० अंशांखाली उतरला की. इंजिनाचे तेल घट्ट होते, सेल्फला जास्त करंट लागतो आणि उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी तो देऊ शकत नाही. म्हणून तपासणी पावसाळा लागतानाच करावी.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी व्होल्टेज मोजावे. नुकत्याच चालून आलेल्या गाडीत वरवरचा चार्ज फसवतो. तशी असेल तर हेडलाइट दोन मिनिटे लावून, बंद करून थोड्या वेळाने मोजावे. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली बॅटरी खराबच असते असे नाही. आधी पूर्ण चार्ज करावी. झाकणे उघडणारी असल्यास हायड्रोमीटरने (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) सहाही सेल (बॅटरीचे कप्पे) तपासावेत. भरलेल्या सेलचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६५ ते १.२८० असते. चार्ज करूनही एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० ने मागे राहिला, तर तो सेल गेला. पाणी डिस्टिल्डच घालावे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पट्ट्यांचे आयुष्य घटवतात.

भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळले, तर बॅटरी दुबळी आहे. व्होल्टेज १२ च्या आसपास टिकूनही सेल्फ नुसता टकटक करत असेल, तर दोष तारांत, टर्मिनलांत किंवा सेल्फमध्येच. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (टर्मिनलच्या पट्टीवर नव्हे) आणि दुसरे इंजिनाच्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग (बॅटरी व इंजिन यांमधली निगेटिव्ह जोडणी) खराब. ही एवढी चाचणी बहुतेक वेळा राहून जाते आणि धडधाकट बॅटरी भंगारात जाते. टर्मिनलावर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर ती खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावी. हे पाणी सेलमध्ये जाता कामा नये. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

इंजिन सुरू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसावेत. हेडलाइट व पंखा लावून, रेस थोडी वाढवूनही १३.५ च्या खाली राहिले, तर आधी बेल्ट पाहावा, मग डायनॅमोचे ब्रश आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग). १५ च्या वर गेले तर बॅटरी उकळते आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. मीटर एसीवर लावून ०.५ व्होल्टपेक्षा जास्त मिळाले तर डायनॅमोतला डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) फुटला असे धरावे. काही नव्या गाड्यांत संगणकच चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नये.

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून डायनॅमो तपासण्याची रस्त्यावरची युक्ती कधीच करू नये : व्होल्टेजच्या उसळीने डायोड आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) जळतात.

सगळे ठीक असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर करंटची चोरवाट शोधावी. चावी काढून, दारे लावून अर्धा तास थांबावे आणि निगेटिव्ह तारेत मीटर लावून करंट मोजावा. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. ५०० निघाला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी. एकेक फ्यूज काढत जावे. ज्याने आकडा पडेल त्या सर्किटमध्ये दोष. नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम, जीपीएस किंवा जादा दिवे आधी तपासावेत.