दोघांची नजर चुकवायची

आफ्रिकेतली शिकार म्हटलं की डोळ्यांसमोर गवताळ माळ येतो. क्लिपस्प्रिंगर या छोट्या कुरंगाचा माग काढणाऱ्याला मात्र मान वर करूनच चालावं लागतं. इथिओपियाच्या डोंगरांपासून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत, जिथे कडे, घळी आणि धोंड्यांच्या टेकड्या आहेत, तिथे हा राहतो. खांद्यापाशी उंची दीड-दोन फूट, वजन साधारण 10 ते 15 किलो.

हा उभा राहतो तो खुरांच्या अगदी टोकांवर. खूर नळकांड्यासारखे, खालून सपाट छाटल्यासारखे असतात. त्यामुळे चारही पाय वाटीएवढ्या उंचवट्यावर मावतात. अंगावरचे केस जाड, ठिसूळ आणि आतून पोकळ. कातळावर अंग आपटलं तर मार केसच झेलतात, ऊन-थंडीही अडवतात. पूर्वी हे केस खोगिरात भरत.

पण शिकाऱ्याला खरी अडचण खुरांची नाही, जोडीची आहे. नर-मादी वर्षानुवर्षं एकत्र राहतात आणि एकमेकांपासून फारसे दूर जात नाहीत. एक चरत असताना दुसरा, बहुधा नर, उंच दगडावरून टेहळणी करतो. बिबट्या दिसला की नाकातून कर्कश शिटी वाजते, लगेच जोडीदाराचीही. आणि गंमत म्हणजे ही शिटी पळून जाऊन सुरक्षित जागी पोचल्यावरही चालूच राहते! टिल्सन आणि नॉर्टन या संशोधकांनी 1981 साली मांडलं की हा इशारा शत्रूलाही उद्देशून असावा: ‘तू दिसलास, आता पाठलाग फुकट आहे.’ दबा धरून बसणाऱ्याची सगळी भिस्त न दिसण्यावर असते, त्यामुळे मला हे पटतं.

माणूसही याच जोडीपुढे हरतो. म्हणून जाणते शिकारी चढायची घाई करत नाहीत. सकाळी किंवा उतरत्या उन्हात समोरच्या उतारावर बसून दुर्बिणीने एकेक दगड न्याहाळतात. माग काढणारे काटक्यांची टोकं बघतात. डोळ्याजवळच्या ग्रंथीतला काळा, डांबरासारखा स्राव ही जोडी तिथे लावून हद्द आखते. त्या वासाने गोचिडीही काटकीवर येऊन बसतात.

नर ओळखणंही सोपं नाही. दक्षिण आफ्रिकेत शिंगं फक्त नराला, तीही बोटभर लांब आणि सरळ. रुंद कानांच्या मधे ती लांबून चटकन दिसत नाहीत. पूर्व आफ्रिकेत काही ठिकाणी तर मादीलाही शिंगं असतात.

मग नेम. समजा प्राणी 45 अंशांच्या चढावर, सरळ रेषेत 200 मीटरवर आहे. गोळी किती खाली येणार हे ढोबळमानाने आडव्या अंतरावर ठरतं आणि ते इथे साधारण 141 मीटरच भरतं. 200 मीटरचा हिशेब धरला तर गोळी वरून जाते. उतारावर खाली नेम धरतानाही चूक वरच्याच बाजूला होते, हे नवख्यांना हमखास उलटं वाटतं.

नेम लागला तरी प्राणी कड्यावरून घरंगळत गेला तर हाती येईलच असं नाही. आला तरी केस मुळात सैल असल्याने मुठीमुठीने गळून पडतात. भुसा भरून प्राणी जतन करणारे कारागीर या कातड्याला वचकून असतात ते त्यामुळेच.