‘चेअरमन’ बदलला, ‘हिज’ तसाच राहिला

पुण्यातल्या सोसायट्यांच्या इंग्रजी नोटिशींत हल्ली ‘चेअरमन’च्या जागी ‘चेअरपर्सन’ येतो, पण पुढच्याच वाक्यात ‘हिज’ तसाच राहून जातो. नामाचा शेवट बदलला की सर्वनामाचंही काम झालं, असं वाटतं. ही कामं दोन आहेत.

‘आपल्या चेअरमन आल्या’ असं आपण सहज म्हणतो. बाई आहेत हे ‘आल्या’ सांगतं. इंग्रजी क्रियापद लिंग दाखवतच नाही. सगळा भार नाम आणि सर्वनामावर.

नामाचा शेवट पदाचा असतो. पदावर कोण आहे ते न बघता तो बदलायचा: फायरमनचा फायरफायटर, एअर होस्टेसचा फ्लाइट अटेंडंट. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने (मेरिलबोन क्रिकेट क्लबने) २०२१ मध्ये त्या नियमांत ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ घेतला. बोलर, फील्डर आधीपासून चालत होतेच. पुरुष असेल तर चेअरमन आणि बाई असेल तर चेअरपर्सन, हे मात्र करू नका. नवा शब्दही मग बायकांपुरताच उरतो.

सर्वनाम माणसाचं असतं. चेअरपर्सन बाई आहेत हे माहीत असेल तर ‘शी’ अगदी बरोबर. माणूस कोण ते ठाऊक नसेल, किंवा त्या व्यक्तीनेच आपल्यासाठी ‘दे’ (they) वापरा असं सांगितलं असेल, तर ‘दे’. एकासाठी ‘दे’ वापरणं चौदाव्या शतकापासून चालत आलंय. माणूस एक असला तरी क्रियापद ‘दे आर’. ‘दे’ऐवजी त्या व्यक्तीचं नाव घेतलं की मात्र ‘इज’. ‘एव्हरी मेंबर शुड पार्क हिज कार’ हे सरळ ‘मेंबर्स शुड पार्क देअर कार्स’ करावं. प्रश्नच मिटतो.

एका माणसाला अनेकवचन आपल्याला नवं नाही. डॉक्टर ‘येतात’, ‘बसतात’. म्हणून ‘दे’ म्हणजे आपलं आदरार्थी ‘ते’, असं वाटतं आणि अनुवाद तिथेच फसतो. आपल्या ‘ते’ला लिंग आहे, बाईंसाठी ‘त्या’ लागतं. ‘डॉक्टर म्हणाले, ते उद्या येतील’ लिहिलंत की डॉक्टर पुरुष झाले. त्याऐवजी ‘उद्या येईन, असं डॉक्टरांनी सांगितलं’ लिहा. ‘सांगितलं’ डॉक्टरांच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही, ‘येईन’ही नाही. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ ही रूपंही बाई-पुरुष दोघांना सारखीच. मराठीत ‘दे’ आणायचा तो यांच्यातून.