आरशावरच्या ठिपक्याने प्रतिमा बिघडत नाही

घरी दुर्बीण बनवणाऱ्या मुंबईकरांत एक समज पक्का बसलाय: मुख्य आरशाच्या मधोमध खूण केली की प्रतिमा खराब होते. साफ चूक. ६ इंची आरशासमोर साधारण दीड इंचाचा तिरपा आरसा असतो आणि त्याची सावली नेमकी मध्यावर पडते. ताऱ्याचा प्रकाश तिथे थेट पोचतच नाही, मग बिघडणार काय?

उलट खुणेशिवाय आरसे जुळवायचे कशावरून? फाइलच्या कागदाला लावतात ती गोल चिकट रिंग लावा. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी बारीक भोकाचं झाकण बसवा. आधी तिरपा आरसा जुळवा. मग मुख्य आरशामागचे स्क्रू हळूहळू फिरवत भोकाचं प्रतिबिंब रिंगमध्ये आणा. तारे बघायला लोकलने मुंबईबाहेर वांगणीला नेलेली दुर्बीण हमखास हलते, तिथे पोचल्यावर हे पुन्हा कराच.