व्हिडिओ गेम आणि बालकांचा कौशल्यविकास

व्हिडिओ गेम आणि बालकांचा कौशल्यविकास : पडद्यावरील हलत्या चित्रांना बटण, जॉयस्टिक किंवा बोटाच्या स्पर्शाने प्रतिसाद देत खेळायच्या खेळांमुळे मुलांचे अवधान, हस्त-नेत्र समन्वय, अवकाशीय आकलन व नियोजन यांत होणारी वाढ. शिक्षण-मानसशास्त्रात हा विषय अध्ययन-संक्रमणात मोडतो. एका कामात कमावलेले कौशल्य दुसऱ्या कामात कितपत उतरते, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे.

पहिला व्हिडिओ गेम कोणता, याविषयी मतभेद आहेत. विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर (विद्युतलहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) मांडलेल्या टेनिसला काही जण हा मान देतात, तर काही जण मॅसॅच्यूसेट्समधील १९६२ च्या ‘स्पेसवॉर’ला. प्रस्तुत विषयापुरते १९७२ हे वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्या वर्षी आलेल्या ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’मुळे खेळ घरच्या टीव्हीवर आला. मुंबईत साधारणतः १९८० च्या दशकात पैसे देऊन व्हिडिओ गेम खेळायची पार्लरे दिसू लागली आणि १९९० च्या दशकात घरोघरी ‘टीव्ही गेम’ रुळला. हे ‘टीव्ही गेम’ म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम (१९८३) या जपानी यंत्राच्या नकला असत. ते विकत घेण्यासाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड व मनीष मार्केट ही सर्वांच्या ओळखीची ठिकाणे होती.

संक्रमणाचा वाद व्हिडिओ गेमहून बराच जुना आहे. थॉर्नडाइक व वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये काही व्यक्तींना आयतांचे क्षेत्रफळ नजरेने अंदाजण्याचा सराव दिला. आकृत्यांचा आकार-प्रकार बदलताच त्या सरावाचा उपयोग बराच घटला. दोन कामांत जेवढे घटक सारखे तेवढेच संक्रमण, हा समान घटक सिद्धांत त्यातून पुढे आला. व्हिडिओ गेमवरील बरेचसे पुरावे त्याच्याशी जुळतात. सिम्स व मेयर (२००२) यांना ‘टेट्रिस’ या वरून पडणारे तुकडे फिरवून बसवायच्या खेळात तरबेज असलेले खेळाडू टेट्रिससारखे तुकडे मनातल्या मनात फिरवण्यात सरस आढळले, इतर आकृत्यांत मात्र नाही. रॉसर व सहकाऱ्यांच्या २००७ मधील पाहणीत, पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक खेळलेल्या शल्यचिकित्सकांच्या दुर्बिणीद्वारे करायच्या शस्त्रक्रियांच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या. हा सहसंबंध आहे, कार्यकारण नव्हे. पण नजर पडद्यावर आणि हात दुसरीकडे, हा घटक दोन्हीकडे एकच आहे. सागरगोटे खेळणाऱ्या मुलीचे डोळे वर उडालेल्या गोट्यावर असतात आणि हात जमिनीवरचे गोटे टिपतो. ही जातकुळी आपल्याला अनोळखी नाही.

याउलट ग्रीन व बॅव्हेलियर (२००३) यांनी काही तरुणांना दहा दिवस, रोज एक तास ‘मेडल ऑफ ऑनर’ हा वेगवान खेळ खेळायला दिला. टेट्रिस खेळलेल्या गटापेक्षा त्यांचे दृश्य अवधान अधिक सुधारले. मुलांविषयी अधिक मोलाचा प्रयोग इटलीतील पादुआचा आहे (२०१३). वाचन-अक्षमता असलेल्या मुलांचा वाचनवेग बारा तासांच्या वेगवान खेळानंतर वाढला आणि अचूकता घटली नाही. गट मात्र अवघा वीस मुलांचा होता. शिवाय देवनागरीत वेलांटी, उकार, मात्रा अक्षराच्या चहूबाजूंना बसतात. इटालियन वाचनाचा निष्कर्ष मराठी मुलांना लावताना जपून पावले टाकावीत. साला व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील महाविश्लेषणाने (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासाने) तर व्यापक संक्रमणाचा दावा जवळपास नाकारला आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स जड यांचा सामान्यीकरण सिद्धांत (१९०८) येथे पुन्हा वाचण्यासारखा आहे. पाण्याखालील लक्ष्यावर नेम धरणाऱ्या मुलांपैकी ज्यांना प्रकाशाच्या अपवर्तनाचे (पाण्यात शिरताना किरण वाकण्याचे) तत्त्व समजावले होते, ती पाण्याची खोली बदलल्यावर इतरांच्या पुढे गेली. तत्त्व शब्दांत आले की कौशल्य नव्या जागी लागू पडते. दहा बाय दहाच्या चाळीतल्या खोलीत एकच टीव्ही आणि भोवती पाच-सहा मुले असत, तेव्हा हे न शिकवता घडे. खेळाच्या कॅसेटवर फुंकर मारून ती पुन्हा बसवायची, एकाने ‘मारिओ’ चालवायचा आणि पाळीची वाट पाहणाऱ्याने मागून सांगायचे : “लगेच नको उडूस, कासव जाऊ दे आधी, मग खड्डा.” या एका वाक्यात क्रम, कारण आणि अंदाज तिन्ही आहेत. लोकलमध्ये इअरफोन लावून मोबाइलवर एकट्याने खेळणाऱ्या मुलाला असे बोलावे लागत नाही. म्हणून खेळाच्या निवडीइतकेच, आईबाबांनी शेजारी बसून “हे कसं जमवलंस?” असे विचारण्याला प्रस्तुत लेखक महत्त्व देतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बैठा पडद्यावेळ दिवसाला तासाभराहून अधिक नसावा. ‘गेमिंग विकार’ (खेळण्यावरचा ताबा सुटणे) हे निदान २०२२ पासून लागू झालेल्या याच संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली असून ई-स्पोर्ट्सना (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना) त्यातून वेगळे काढले आहे.