स्मृतिभ्रंशविषयक नियतकालिके आणि त्यांचा संशोधन-प्रभाव

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया या विषयाला वाहिलेल्या शास्त्रीय नियतकालिकांतील संशोधन पुढे कुठवर पोहोचते, कोणाच्या उपयोगी पडते आणि ते कसे मोजतात, हा या नोंदीचा विषय आहे. हा प्रभाव दोन प्रकारचा असतो. एक संशोधकांच्या वर्तुळातला : एकाचा शोधनिबंध दुसऱ्याने आपल्या निबंधात संदर्भ म्हणून घेणे. दुसरा त्या वर्तुळाबाहेरचा : निदानाचे निकष, स्मरणशक्तीच्या चाचण्या, औषधांची मान्यता, शासकीय धोरण आणि रुग्णाची रोजची शुश्रूषा यांत होणारा बदल. पहिला मोजायला सोपा आहे आणि म्हणून त्याचीच चर्चा फार होते. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्याला अधिक जागा दिली आहे, कारण हा आजार ज्यांच्या घरी आहे त्यांच्यापर्यंत तोच पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि दरवर्षी सुमारे १ कोटी नव्या रुग्णांची त्यात भर पडते.

पूर्वेतिहास : आलोइस आल्त्सहायमर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत एका मध्यमवयीन रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले. १९०७ मध्ये ते छापून आले, तेही मनोविकारशास्त्राच्या सर्वसाधारण नियतकालिकात. पुढची कित्येक दशके त्याच्याच नावावरून ओळखला जाणारा ‘अल्झायमर’ हा डिमेन्शियाचा प्रकार ऐन प्रौढपणी होणारा दुर्मीळ आजार समजला जाई. म्हातारपणी होणारी विस्मृती हा वयाचा भाग मानून सोडून दिली जाई. ही समजूत हलवली ती रॉबर्ट कॅट्झमन यांच्या १९७६ मधील एका लेखाने. ‘आर्काइव्ह्ज ऑफ न्यूरॉलॉजी’मधले ते जेमतेम दोन पानांचे संपादकीय होते. दुर्मीळ समजला जाणारा आजार आणि वृद्धांची सर्रास दिसणारी विस्मृती हे मुळात एकच असून तो मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, अशी मांडणी त्यांनी केली. नवा प्रयोग नाही, नवे रुग्ण नाहीत, तरीही त्या दोन पानांनी एक संपूर्ण संशोधनक्षेत्र उभे राहण्यास गती दिली.

स्वतंत्र नियतकालिके त्यानंतर निघाली. ‘अल्झायमर डिसीज अँड असोसिएटेड डिसऑर्डर्स’ १९८७ मध्ये आणि ‘जर्नल ऑफ अल्झायमर्स डिसीज’ १९९८ मध्ये सुरू झाले. सामाजिक संशोधन आणि शुश्रूषा यांवर भर देणारे ‘डिमेन्शिया’ २००२ मध्ये, अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनचे ‘अल्झायमर्स अँड डिमेन्शिया’ २००५ मध्ये, तर सर्वांना मोफत वाचता येणारे ‘अल्झायमर्स रिसर्च अँड थेरपी’ २००९ मध्ये आले.

प्रभावांक : नियतकालिकाचा प्रभाव म्हटले की पहिल्यांदा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणजे प्रभावांक पुढे येतो. संदर्भांची सूची करण्याची कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९७५ पासून प्रभावांकांचे वार्षिक अहवाल निघू लागले. आज ते क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. हिशेब साधा आहे. आधीच्या दोन वर्षांत नियतकालिकाने छापलेल्या मजकुराला चालू वर्षात जितके संदर्भ मिळाले, त्या संख्येला त्या दोन वर्षांतील शोधनिबंध व आढावा-लेख यांच्या संख्येने भागायचे. दोन वर्षांत मिळून २०० निबंध आणि त्यांना चालू वर्षात १,००० संदर्भ, तर प्रभावांक ५. ग्रंथालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवायला ही मोजणी उपयोगी होती. पुढे तिच्यावरून संशोधकांच्या नेमणुका, बढत्या आणि अनुदाने ठरू लागली.

या भागाकारातली एक विसंगती पाहण्यासारखी आहे. संपादकीये आणि पत्रे छेदात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेले संदर्भ अंशात येतात. कॅट्झमन यांच्या संपादकीयासारखे लेखन या हिशेबात फुकटची कमाई ठरते. शिवाय प्रभावांक ही सरासरी आहे, आणि संदर्भांची वाटणी कमालीची विषम असते. २०१६ मध्ये अकरा नियतकालिकांचा असा तपशील मांडला गेला, तेव्हा प्रत्येकातील ६५ ते ७५ टक्के निबंधांना त्या नियतकालिकाच्या प्रभावांकापेक्षा कमी संदर्भ मिळाल्याचे दिसले. मोजके निबंध सगळ्यांचा भार वाहतात.

डिमेन्शियाच्या क्षेत्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे अल्झायमर्स असोसिएशनचा ‘तथ्ये आणि आकडेवारी’ हा वार्षिक अहवाल. तो ‘अल्झायमर्स अँड डिमेन्शिया’मध्ये प्रसिद्ध होतो. किती रुग्ण, किती खर्च, घरच्यांचे न मोजलेले किती श्रम, हे सांगणारे वाक्य जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात लागते आणि त्यासाठी ताजा अहवाल संदर्भाला घेतला जातो. पुढच्या वर्षी नवा अहवाल येतो, जुना मागे पडतो. म्हणजे त्याचे बहुतेक संदर्भ दोन वर्षांच्या चौकटीत बसतात. अहवाल मोलाचा आहे यात शंका नाही, पण त्याच्या बळावर वाढलेला आकडा शेजारच्या पानावरील प्रयोगाच्या दर्जाविषयी काहीच सांगत नाही. याच नियतकालिकाचा प्रभावांक २०२० मध्ये २१ च्या वर होता आणि २०२२ मध्ये १४ वर आला. एवढ्यात त्यातील संशोधनाचा दर्जा एक-तृतीयांशाने घसरला असे कोणी म्हणणार नाही. २०२० च्या मोजणीपासून छापील अंकाआधी संकेतस्थळावर येणाऱ्या निबंधांमधले संदर्भही धरले जाऊ लागले होते. आकडा अशाही कारणांनी हलतो.

दोन वर्षांची चौकट या आजाराला मुळातच अपुरी पडते. मेंदूत अमायलॉइड प्रथिन साचू लागल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते २० वर्षे जातात. प्रतिबंधाचे संशोधन करणाऱ्याला माणसे तेवढा काळ पाहावी लागतात. वैद्यकीय संशोधन प्रत्यक्ष वापरात यायला सरासरी १७ वर्षे लागतात असा आकडा अनेकदा दिला जातो; त्यापुढे प्रभावांकाची दोन वर्षे म्हणजे पेरणीनंतरच्या आठवड्यात शेत जोखण्यासारखे आहे.

व्याख्या ठरवण्याची सत्ता : विशेष नियतकालिकांचा सर्वांत खोल प्रभाव औषधांच्या चाचण्यांतून पडलेला नाही. मोठ्या चाचण्या बहुधा सर्वसाधारण वैद्यकीय नियतकालिकांकडे जातात. लेकॅनेमॅबची १,७९५ रुग्णांवरील चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापली आणि डोनॅनेमॅबची चाचणी २०२३ मध्ये ‘जामा’ने. विशेष नियतकालिकांच्या हाती राहिले ते आजाराची व्याख्या ठरवण्याचे काम, आणि ते अधिक दूरवर जाणारे आहे.

अल्झायमरच्या निदानाचे पहिले सर्वमान्य निकष १९८४ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’मध्ये आले आणि पाव शतकाहून अधिक काळ टिकले. २०११ मधील सुधारित निकष मात्र ‘अल्झायमर्स अँड डिमेन्शिया’ने छापले : डिमेन्शिया, त्याआधीची सौम्य बोधनहानी आणि लक्षणांपूर्वीची अवस्था यांसाठी वेगवेगळे निबंध. २०१८ मध्ये याच नियतकालिकातून संशोधनापुरती एक चौकट मांडली गेली, तीत अल्झायमरची व्याख्या लक्षणांवरून न करता अमायलॉइड, टाऊ हे मेंदूत साचणारे दुसरे प्रथिन आणि चेतापेशींचा ऱ्हास या जैविक खुणांवरून केली होती. २०२४ च्या निकषांनी तीच दिशा निदानाच्या क्षेत्रात आणली. यानुसार स्मरणशक्ती शाबूत असलेल्या माणसालाही केवळ तपासणीच्या निकालावरून अल्झायमर आहे असे म्हणता येते. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने याला हरकत घेतली. असे निदान झालेल्यांपैकी अनेकांना कधीच लक्षणे दिसणार नाहीत, म्हणून निदानाला लक्षणांचाही आधार हवा, असे त्यांचे म्हणणे. कोणाला रुग्ण म्हणायचे, कोणाला औषध द्यायचे, चाचणीत कोण बसतो, हे सारे या छापील पानांवर अवलंबून राहते. एखाद्या नियतकालिकाचा याहून मोठा प्रभाव कल्पिता येत नाही, आणि म्हणूनच तिथे वादालाही तेवढीच जागा मिळायला हवी.

स्मरणशक्तीच्या चाचण्यांचेही असेच आहे. ३० गुणांची ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ ही चाचणी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा निबंध वैद्यकातील सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या निबंधांत गणला जातो. आजची तारीख, तीन शब्द लक्षात ठेवणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे हे प्रश्न जगभरच्या दवाखान्यांत विचारले गेले. पुढे तिच्या स्वामित्वहक्काची अंमलबजावणी सुरू झाली आणि वापरासाठी पैसे मोजावे लागू लागले, तेव्हा अनेकांनी इतर चाचण्यांकडे मोर्चा वळवला.

चुकीचा प्रभाव : संदर्भ घेणे म्हणजे पडताळून पाहणे नव्हे. २००६ मध्ये ‘नेचर’ने छापलेल्या एका निबंधात अमायलॉइडचा विशिष्ट प्रकार उंदरांमध्ये स्मृतिनाश घडवतो असा दावा होता. त्याला सुमारे २,५०० संदर्भ मिळाले. २०२२ मध्ये ‘सायन्स’ने त्यातील प्रतिमांविषयीच्या शंका सविस्तर मांडल्या आणि जून २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला. मागे घेतलेल्या निबंधांत इतके संदर्भ मिळालेले निबंध फार थोडे. प्रभावांकाच्या हिशेबात मात्र दोन वर्षांच्या चौकटीत बसलेले त्याचे संदर्भ जमेकडेच राहिले. अमायलॉइडचे सिद्धांतन केवळ या एका निबंधावर उभे नव्हते, हेही सांगायला हवे. १९९२ मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी मांडलेल्या गृहीतकामागे आनुवंशिकीचा भक्कम पुरावा होता. पण दरम्यानच्या सोळा वर्षांत त्या वाटेने गेलेल्या तरुण संशोधकांची वर्षे परत मिळत नाहीत.

क्रम उलटला की काय होते हे अ‍ॅड्युकॅनुमॅब या अल्झायमरवरील औषधाच्या बाबतीत दिसले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला जून २०२१ मध्ये मान्यता दिली. निर्णायक चाचण्यांचे सविस्तर निकाल तज्ज्ञ-परीक्षणानंतर ‘जर्नल ऑफ प्रिव्हेन्शन ऑफ अल्झायमर्स डिसीज’मध्ये आले ते २०२२ मध्ये. डॉक्टरांना औषध आधी मिळाले आणि पुरावा नंतर. २०२४ मध्ये कंपनीने ते औषध बंद केले.

कोणाचे संशोधन : १९९८ मध्ये कोची येथे भरलेल्या परिषदेतून ‘१०/६६’ हा संशोधनगट निघाला. नावातच गाऱ्हाणे आहे : डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, पण संशोधन त्यांच्या वाट्याला १० टक्क्यांहूनही कमी. या गटाने दाखवून दिलेली अडचण मूलभूत होती. वाक्य लिहा, आकृती उतरवून काढा असे सांगणारी चाचणी कधी शाळेत न गेलेल्या वृद्धाला आजारी ठरवू शकते. म्हणून त्यांनी शिक्षणाचा परिणाम कमीत कमी राहील अशी निदानपद्धती अनेक देशांत तपासून २००३ मध्ये प्रसिद्ध केली. अशा कामाला संदर्भ मिळतात ते मुख्यतः त्याच देशांतील संशोधकांकडून. त्यांची संख्या थोडी, म्हणून आकडाही लहान दिसतो. शुश्रूषेवरील संशोधनाची गतही हीच. ते परिचारिका, समाजसेवक आणि घरचे लोक वाचतात आणि वापरतात, पण ते शोधनिबंध लिहीत नाहीत.

पर्यायी मोजमापे : खोर्खे हिर्श यांचा एच-निर्देशांक (२००५), स्कोपस या संदर्भसूचीवर आधारित साइटस्कोअर (२०१६), बातम्या व समाजमाध्यमांतील उल्लेख मोजणारी अल्टमेट्रिक्स असे पर्याय आहेत. पहिले दोन पुन्हा संदर्भच मोजतात आणि तिसरे बरेचसे गाजावाजा मोजते. अधिक महत्त्वाचा ठरला तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा, ज्याने व्यक्तीचे काम नियतकालिकाच्या प्रभावांकावरून जोखू नये असे स्पष्ट बजावले. ब्रिटनच्या विद्यापीठ-मूल्यांकनात २०१४ पासून विद्यापीठाबाहेर घडलेल्या बदलासाठी वेगळे गुण आहेत.

अशा बदलाचा माग काढता येतो. डिमेन्शियाच्या रुग्णांची अस्वस्थता शमवण्यासाठी मनोविकारांवरील प्रबळ औषधे सर्रास दिली जात. त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो हे २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केले आणि त्याच वर्षी ‘जामा’तील १५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाने ते दाखवले. २००९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यासाठी सुबे बॅनर्जी यांनी केलेल्या अहवालात, या औषधांमुळे देशात वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू होत असावेत असा अंदाज मांडला गेला. त्यानंतर इंग्लंडमध्ये नोंदींची तपासणी झाली. डिमेन्शियाचे निदान झालेल्यांपैकी ही औषधे लिहून दिलेल्यांचे प्रमाण २००६ मध्ये सुमारे १७ टक्के होते, ते २०११ मध्ये ७ टक्क्यांच्या खाली आले होते.